कोरडं फडताळ

शेजारच्या काकूंनी बाटली परत आणली ती पदराखाली झाकून. जिन्यात कुणाला दिसू नये, माझी लाज राहावी म्हणून. "वरती काही तरी पांढरं आलंय गं. फ्रीजमध्येच ठेवली होती मी," असं म्हणून त्यांनी ती ओट्यावर ठेवली. मी केलेलं कोरफडीचं जेल होतं ते. घरच्या कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस आणि व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल. करून नऊ दिवस झाले होते. २०११ चा श्रावण, चिपळूणचा पाऊस, भिंतींना ओल. बाटलीच्या गळ्याशी कापसासारखी बुरशी धरली होती आणि तिच्याखाली एक करडा ठिपका. काकूंनी ते जेल आदल्या दिवसापर्यंत चेहऱ्याला लावलं होतं.

बाटलीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती : 'कोणतंही रसायन नाही.' काकू गेल्यावर ती चिठ्ठी पाण्यानं भिजवून मी खरवडून काढली. त्या आठवड्यात तेच जेल आणखी अकरा घरांत गेलं होतं. संध्याकाळी छत्री घेऊन एकेका दारात गेले, बाटल्या परत मागितल्या, पैसे दिले. दोन घरांत अजून काही झालेलं दिसत नव्हतं आणि त्या बायका बाटली द्यायला तयार होईनात. "चांगलं आहे की हे, राहू दे." त्यांना समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. डोळ्यांना दिसेपर्यंत बुरशी बरीच वाढलेली असते, आणि जिवाणू तर दिसतही नाहीत, हे तेव्हा मलाच नुकतं कळलं होतं.

हे काम मी त्याच्या दोन वर्षं आधी सुरू केलं. मुलीच्या कोपराच्या खळगीत सारखी खाज यायची, विकतचा साबण लावला की लाल व्हायचं. आधी तिच्यापुरतं उटणं केलं, मग नणंदेनं मागितलं, मग तिच्या शाळेतल्या शिक्षिकांनी. वर्षभरात तीस-चाळीस घरं झाली. उटणं आणि शिकेकाई यांच्यापाशी थांबले असते तर काकूंना पदराखाली बाटली लपवावी लागली नसती. पण मागणी येऊ लागली ती जेलची, क्रीमची, 'शाम्पूसारखं पातळ काही तरी' याची. मला वाटलं, जिनसा त्याच आहेत, फक्त रूप बदलायचं आहे.

त्या रात्री झोप लागली नाही आणि डोळ्यांसमोर आजीचं फडताळ येत राहिलं. माझं आजोळ कुडाळ तालुक्यात. माजघरात भिंतीत कोरलेलं ते फडताळ, त्याला लाकडी दारं. आत काय काय असायचं? शिकेकाईच्या शेंगांचा डबा. रिठे. वाळलेला आवळा. पुरचुंडीत आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळ्याच्या मुळ्या. खोबरेलाची बरणी. माक्याच्या तेलाची छोटी बाटली. तुपावर धरलेल्या काजळाची डबी. केळीच्या सुकलेल्या पानात गुंडाळलेले मुठेलाचे गोळे. वर्षानुवर्षं पाहिलेलं ते फडताळ मी मनातल्या मनात एकेक जिन्नस उचलून तपासलं. त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. जे होतं ते एक तर वाळलेलं होतं, नाही तर तेल-तूप होतं. पाणी तिथं यायचं ते अगदी शेवटी, लावायच्या वेळी. उटणं वाटीत घेऊन त्यात दूध किंवा पाणी घालायचं, लावायचं, वाटी धुऊन पालथी घालायची. शिकेकाई रात्री भिजवायची, सकाळी उकळायची, गाळायची, न्हाऊन झालं की उरलेलं झाडाच्या मुळात. उरलेलं पाणी उद्यासाठी झाकून ठेवलेलं मी आजीच्या घरात कधी पाहिलं नाही.

आजीनं हे नियम म्हणून कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला ते माहीत होतं. मी मात्र फक्त जिनसा लक्षात ठेवल्या.

आणि तिच्या कानालाही माहीत होतं. मे महिन्यात ती आवेल काढायची. ओल्या नारळाच्या रसाचं तेल म्हणजे आवेल. सुक्या खोबऱ्याचं घाण्यावरचं तेल निराळं. दहा-बारा नारळ खवायचे, कोमट पाण्यात खोबरं चुरून रस काढायचा, पिळून पिळून चोथा कोरडा करायचा आणि तो दाट रस मोठ्या कढईत चुलीवर ठेवायचा. आधी तो दुधासारखा उकळतो, मग फाटल्यासारखा होतो, मग कढईच्या कडेला तेल दिसू लागतं. तळाचा साका बदामी होत जातो आणि घरभर खमंग वास सुटतो. तीन-चार तास ढवळल्यावर दहा नारळांचं अर्धा-पाऊण लिटर तेल. हे सगळं आजी डोळ्यांनी बघायची, पण आच कधी काढायची ते ठरवायची ऐकून. कढईत तडतड चालू असेपर्यंत ती हलायची नाही. म्हणायची, "पाणी गेला काय त्याल गप बसता गे बाय." तडतड थांबली की निखारे ओढायचे. त्यात घाई झाली तर तेल महिन्याभरात खवट होतं, उशीर झाला तर करपट वास लागतो. मध्ये जे काही क्षण असतात ते तिच्या कानांना सापडायचे.

मुठेलाची गोष्टही तशीच. रातांब्यांची सालं आमसुलांसाठी गेली की बिया उरतात. त्या कडकडीत उन्हात वाळवायच्या, टरफल काढायचं, व्हायनात, म्हणजे उखळात, कुटायच्या आणि तो भुगा भरपूर पाण्यात उकळायचा. चरबी वर येते. भांडं रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी वर फिकट पिवळा थर गोठलेला असतो. तो काढून पुन्हा वितळवायचा, पाणी उडवायचं, गाळायचा, आणि कोमट असताना मुठीत दाबून गोळे करायचे. मूठ आणि तेल, म्हणून मुठेल. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात, शहरातल्या दुकानात कोकम बटर. साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे कोकणातल्या उन्हाळ्यातही गोळा गोळाच राहतो आणि अंगावर चोळलं की मऊ पडतं. लावणीच्या चिखलातून आलेल्या बायका रात्री पाय धुऊन, पुसून, चुलीपाशी तो गोळा शेकवून टाचांच्या भेगांत भरायच्या. आज परदेशी शिआ बटर महागामोलानं मागवणाऱ्या मुली भेटतात, तेव्हा मला मनापासून वाटतं की यांच्या हातात एकदा मुठेलाचा गोळा द्यावा. दोन भाग मुठेल, दोन भाग आवेल आणि एक भाग मेण, इतकंच डबल बॉयलरवर वितळवून डबीत ओतलं की ओठांना लावायला सुरेख मलम होतं. त्यातही पाणी नाही. माझ्याकडची एक डबी वर्षभर जशीच्या तशी होती.

खरं तर हे सगळं मला स्वयंपाकघरात पाठच होतं. लोणच्यात ओला चमचा घालू नये, हे कोणत्या मराठी मुलीला सांगावं लागतं? पापड खडखडीत वाळल्याशिवाय डब्यात जात नाहीत. मोरावळ्याचा पाक कच्चा राहिला तर तो आंबतो. मीठ, साखर, तेल, ऊन ही सगळी पाण्याला रोखायची साधनं. ओट्यावर हे पाळणारी मी, मोरीतल्या फळीवर ठेवायच्या बाटलीत खुशाल कोरफडीचा गर भरून चिठ्ठी चिकटवत होते.

पुढचं वर्षभर मी काही विकलं नाही, फक्त वाचलं आणि विचारलं. ओळखीच्या एका फार्मसीच्या प्राध्यापिका होत्या, त्यांनी बरंच शिकवलं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, पण जिवाणू आणि बुरशीला ते अडवत नाही. मी कॅप्सूल घालत होते ती चुकीच्या शत्रूसाठी. ज्यात पाणी आहे आणि जे दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं आहे, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह हवाच. तोही मोजून, आणि त्या पदार्थाच्या आम्लतेला साजेसा. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आम्ल माध्यमातच नीट काम करतात, साबणासारख्या अल्कधर्मी गोष्टीत नाही. लोणच्या-सरबतांच्या बाटल्यांवर हीच नावं मी कित्येकदा वाचली होती आणि नाक मुरडलं होतं. 'रसायन' या शब्दाविषयीचं माझं मत त्या वर्षात पालटलं. पाणीही रसायनच आहे. रिठ्याचा फेस येतो तो सॅपोनिनमुळे. हळदीचा पिवळा रंग, लिंबाचा आंबटपणा, सगळंच. प्रश्न एवढाच की कोणतं, किती, कशावर आणि किती वेळ.

मग मी मोठा तराजू घेतला नाही, लहान घेतला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याच्या आधी मी साबणही वाटीच्या मापानं करून पाहिला होता, तो अनुभव सांगते.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची पूर्ण झालेली भेट. नीट झाली तर शेवटी ना तेल मोकळं राहतं, ना सोडा. उरतो साबण आणि ग्लिसरिन. पण प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, एरंडेलाला ०.१२८, मुठेलाला ०.१३५ च्या आसपास. माझी आताची घडी अशी : ६०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम मुठेल, १५० ग्रॅम एरंडेल. तिन्हींचा हिशेब केला की १६३ ग्रॅम सोडा येतो. त्यातून पाच टक्के कमी करून १५५ ग्रॅम घ्यायचा, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. पाणी ३४० ग्रॅम. खोबरेलामुळे फेस येतो, मुठेलामुळे वडी टणक होते, एरंडेलामुळे फेस टिकतो.

पहिल्या खेपेला मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलेलं 'पाऊण वाटी कॉस्टिक' मी घेतलं, आणि घेतलं ते अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात. पाणी ओतताच पातेलं फसफसलं, काळं पडलं, नाकात झणझणीत वाफ गेली. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. बाजूला गॅस पेटलेला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही. शिवाय मी पाणी सोड्यावर ओतलं होतं. नेहमी सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून. नुसत्या त्या मिसळण्यानं पाणी हात लाववणार नाही इतकं तापतं. मुलं आणि मांजर घराबाहेर. शिकवायला बसते तेव्हा साबणाआधी अर्धा तास मी फक्त याच्यावर बोलते. ज्यांना कंटाळा येतो त्यांना मी साबण शिकवत नाही.

वडी धरली तरी साबण लगेच वापरायचा नसतो. चार ते सहा आठवडे वाऱ्यावर मुरू द्यायचा, म्हणजे आतलं पाणी उडतं, वडी घट्ट होते, अंगाला सौम्य लागते. इथंही पुन्हा पाणी जाण्याचीच वाट बघायची. चिपळूणच्या पावसाळ्यात ते जातच नाही. उलट हवेतली ओल ओढून साबणावर दवासारखे थेंब येतात, आणि कॉस्टिकचे खडे बरणी उघडल्यावर बघता बघता चिकट होतात. ओल धरलेला सोडा मोजला तर त्यात सोडा किती आणि पाणी किती? म्हणून माझं साबणाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि वैशाखाआधी संपतं. पुण्याची एक मैत्रीण बारा महिने करते. तिची हवा वेगळी, तिचं पंचांग वेगळं.

केसांच्या तेलाची चूकही पाण्याचीच होती. जास्वंदीची ताजी फुलं, कढीपत्ता, माका हे सगळं खोबरेलात घालून बाटली पंधरा दिवस उन्हात ठेवायची, असं मी करत असे. बाटली दिसायची फार देखणी. पण फुलाच्या पाकळीत पाणीच जास्त, ते तेलाच्या तळाशी उतरायचं आणि महिन्याभरात आंबूस वास यायचा. रत्नागिरीच्या एका वैद्यबाईंनी मला तैलपाकाचं प्रमाण समजावलं. शार्ङ्गधर संहितेत ते दिलेलं आहे : वाटलेल्या वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे एक लिटर तेलाला चार लिटर माक्याचा रस आणि पाव किलो कल्क. ऐकताना वाटतं, एवढा रस! पण तो सगळा मंद आचेवर आटवून टाकायचा आहे. तेल सिद्ध झालं कसं ओळखायचं? कल्क बोटांत वळून पाहायचा, त्याची वात झाली पाहिजे. तेलावर फेस आला पाहिजे. आणि ती वात आगीवर धरली तर तडतडता कामा नये.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आजीचा कान आणि तो ग्रंथ एकच गोष्ट सांगत होते. आजीला लिहितावाचता येत नव्हतं.

शिकेकाईबद्दल फार लिहीत नाही, कारण ती बहुतेक घरांना ठाऊक आहे. माझं प्रमाण एक किलो शिकेकाईला पाव-पाव किलो रिठा आणि आवळा, शंभर-शंभर ग्रॅम मेथी, नागरमोथा आणि कपूरकाचरी. रिठा याहून वाढवला तर केस राठ होतात. गिरणवाले दादा आठवड्याचं सगळं दळण संपल्यावर शेवटचा घाणा माझा घ्यायचे, नाकाला फडकं बांधून. तरी दोघंही शिंकून बेजार. नंतर गिरण पुसून, थोडे तांदूळ दळून स्वच्छ करायची. नव्यानं वापरणाऱ्या मुलींची तक्रार असते की डोळे चुरचुरतात आणि भुकटी केसांत अडकते. त्यावर एकच उपाय : भुकटी थेट डोक्यावर घालू नये, उकळून सुती कापडातून गाळलेलं पाणी वापरावं, आणि ते त्याच दिवशी संपवावं.

आता बावचीचं सांगते. ते सांगायला मला आजही जड जातं.

२०१४ च्या दिवाळीत उटण्याची मागणी वाढली होती. मसूर डाळ, मुलतानी माती, आंबेहळद, कचोरा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल ही आजीची यादी. काष्ठौषधीच्या दुकानात हाती आलेल्या एका छापील चिठ्ठीवर त्यात बावचीही होती, 'कांतीसाठी'. मी दोन किलो उटण्यात पन्नास ग्रॅम घातली. अभ्यंगस्नान पहाटे अंधारात एकदाच होतं, त्यानं बहुधा कुणालाच काही झालं नसतं. पण आमच्या गल्लीतल्या कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीनं ते उटणं दिवाळीनंतरही रोज सकाळी लावायला घेतलं, वर लिंबू पिळून, वाळेपर्यंत ठेवून. मग भर उन्हात स्कूटरवर कॉलेज. दहाव्या दिवशी तिच्या हातांवर आणि गालांवर लाल चट्टे आले, दोन ठिकाणी फोड आले आणि ते बरे होताना काळे डाग पडले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी उटण्यातली एकेक जिन्नस विचारली आणि बावचीपाशी थांबल्या. बावचीत सोरॅलेन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि काळी पडते. कोडाच्या उपचारात डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात, पण मोजलेली मात्रा आणि मोजलेला प्रकाश देऊन. लिंबाच्या सालीतही त्याच कुळातली द्रव्यं असतात. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं. मुलीच्या आईनं मात्र विचारलं, "घरचं आहे ना हे? घरच्यानं असं कसं होईल?" मला उत्तर देता आलं नाही. ते डाग पुसट व्हायला सात-आठ महिने लागले. तेवढे महिने तिच्या घरावरून जाताना मी मान वर केली नाही. ऋषिपंचमीला तिनंच मला हाक मारून हात दाखवले.

तेव्हापासून यादीत नवी जिन्नस घालण्याआधी मी दोन गोष्टी विचारते : हे उन्हात काय करतं, आणि हे माणूस रोज लावू लागला तर काय होईल. कुणालाही काही देण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघायला सांगते. सुवासिक तेलं एक टक्क्याच्या वर नेत नाही. कोरफडीचं पान कापलं की ते उभं धरून पिवळा चीक पूर्ण गळू देते, कारण त्यानं खाज सुटते. गर त्याच दिवशी वापरायचा. खायच्या सोड्यानं केस धुण्याचं वेड मध्यंतरी आलं होतं, त्याला मी सरळ नाही म्हणते. टाळूची नैसर्गिक आम्लता त्यानं बिघडते.

आणखी एक कबुली आहे. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी बायकांचे केस मूठमूठ गळतात. घाबरलेल्या मुली माझ्याकडे यायच्या, मी माक्याचं तेल द्यायचे, सहा-आठ महिन्यांत केस पुन्हा यायचे आणि माझ्या तेलाची ख्याती व्हायची. ते केस तेल न लावताही आले असते. बाळंतपणानंतरची ती गळती बहुतेकींची आपोआप थांबते. खोबरेल केसाच्या आत शिरतं, धुताना होणारी झीज कमी करतं, मालिशनं डोकं शांत होतं, झोप लागते. एवढं मी आज खात्रीनं सांगते आणि तेवढंच सांगते. ज्यांची गळती थांबत नाही त्यांना रक्त तपासून घ्यायला पाठवते. दोघींचं हिमोग्लोबिन फार खाली निघालं, एकीला थायरॉइड निघाला. त्यांना मी तेल देत बसले असते तर?

२०१७ मध्ये एका दुकानदारानं माझे साबण ठेवायची तयारी दाखवली आणि परवाना क्रमांक मागितला. तोवर मला वाटत होतं, घरगुती वस्तूला कसला परवाना! औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. साबण पूर्वी त्यातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येबाहेर होता, १९८२ च्या दुरुस्तीनं आत आला. विक्रीसाठी काही बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, स्वतंत्र जागा, जाणकार देखरेख हे सगळं लागतं. दोन खोल्यांच्या घरात, ज्या ओट्यावर फोडणी होते त्याच ओट्यावर, ते शक्य नव्हतं. घरच्यांनी म्हटलं, एवढी माणसं करतात, तूही कर. पण बावचीनंतर मला तो कायदा जाचक वाटला नाही. त्या मुलीच्या आईच्या ज्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तो कुणीतरी आधीच विचारून ठेवला होता. मी विकणं बंद केलं. उत्पन्न गेलं, ते थोडं नव्हतं. ज्यांना हवं त्यांना आपापल्या घरापुरतं करायला शिकवायचं, असं ठरवलं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात छतापर्यंत चढलं. साबणाच्या फळ्या, वाळवलेली आंबेहळद, वह्या सगळं गेलं. चिखल काढताना जिन्याखाली मुठेलाचा एक गोळा सापडला. पाण्यावर तरंगत तिथं येऊन अडकला असावा. आजीनं जाण्याआधीच्या मे महिन्यात केलेला, मी वापरत नव्हते, नुसता ठेवला होता. हातात धरला तर तसाच घट्ट, तिच्या बोटांचे वळ तसेच. पण गटारांचं, मेलेल्या जनावरांचं पाणी त्याच्यावरून गेलं होतं. मी तो धुतला, पुसला, बराच वेळ बघितला आणि चिखलाच्या घमेल्यात टाकला.

आता महिन्यातून एक रविवार आमच्या बचत गटातल्या आठ-दहा बायका येतात. तराजू मध्ये ठेवलेला असतो. प्रत्येकीला वही आणावी लागते आणि डबीवर तारीख घालावी लागते, ही माझी अट. गेल्या मे महिन्यात त्यांतल्या एकीच्या सुनेनं पहिल्यांदा आवेल काढलं. बावीस-तेवीस वर्षांची, मुंबईहून लग्न करून आलेली. तीन तास ढवळून तिचा हात भरून आला होता, साका बदामी झाला होता, तेल स्वच्छ सोनेरी दिसत होतं. "काकू, झालं ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मला नको विचारू, त्याला विचार." तिनं कापसाची वात वळली, तेलात बुडवली, काडी लावली. सगळ्या गप्प बसल्या. बाहेर रिक्षा गेली तिचा आवाज ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. वात क्षणभर शांत जळली, मग एकदा, अगदी बारीक, तडतडली.

तिनं वात फुंकून बाजूला ठेवली आणि कढई पुन्हा गॅसवर चढवली.